घरात रात्रभर घुमणारा आवाज: माग कसा काढावा आणि तोवर कसे निभवावे

रात्री वर्दळ थांबली आणि शेजारचा टीव्ही बंद झाला की काही घरांत खालच्या पट्टीतला एक अखंड आवाज जाणवू लागतो. लांब कुठे तरी ट्रक चालू ठेवून कोणी उभे असावे तसा. खिडकी लावली तर तो कमी होण्याऐवजी अधिकच ठळक होतो, उशीत कान दाबला तरी जात नाही, आणि कोणत्या दिशेने येतो ते काही केल्या कळत नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाला उठवून विचारावे तर त्याला काहीच ऐकू येत नसते. अशा वेळी लोक एक तर वरच्या मजल्यावरच्यांशी भांडण काढतात, किंवा आपल्याच डोक्यात काही बिघडले आहे असे समजून गप्प बसतात. पुढे दिलेली रीत प्रामुख्याने पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक अशा शहरांतील सोसायट्यांमधले फ्लॅट डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण आजच्या इमारतीतच इतकी यंत्रे असतात की अशा आवाजाचा धनी बहुतेक वेळा तळघरात किंवा गच्चीवर सापडतो.

एकाला ऐकू येते आणि दुसऱ्याला येत नाही, यात नवल काही नाही. आवाजाची पट्टी हर्ट्‌झमध्ये, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांत, आणि त्याचा जोर डेसिबलमध्ये मोजतात. निरोगी तरुण कानाला १००० हर्ट्‌झचा आवाज दोन-तीन डेसिबललाच ऐकू येतो. १०० हर्ट्‌झच्या आवाजाला मात्र सुमारे २७ आणि ५० हर्ट्‌झच्या आवाजाला सुमारे ४४ डेसिबल लागतात. हा उंबरठा माणसागणिक काही डेसिबलने मागेपुढे असतो आणि खालच्या पट्टीत तो एकदा ओलांडला की आवाज फार झपाट्याने मोठा भासू लागतो. त्यामुळे एकाच पलंगावर झोपलेल्या नवरा-बायकोंपैकी एकाला शांतता आणि दुसऱ्याला असह्य घूं-घूं, असे खुशाल होऊ शकते. घरात हे आधी समजावून सांगितले तर निम्मी चिडचिड तिथेच कमी होते.

आधी कान, मग भिंत

सर्वांत पहिली खात्री आवाज बाहेर आहे की कानात, याची करावी. त्यासाठी एक-दोन रात्री अगदी वेगळ्या भागात, शक्य असल्यास बैठ्या घरात, नातेवाइकांकडे झोपून पाहावे. तोच आवाज त्याच पट्टीत तिथेही सोबत आला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन कानातला मळ, ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) या साध्या तपासण्या करून घ्याव्यात. कानात आवाज येण्याचा त्रास पुष्कळांना असतो आणि तो नेहमी शिट्टीसारखाच असतो असे नाही. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, एकाच कानात असेल, किंवा सोबत चक्कर येणे अथवा ऐकू कमी येणे असेल, तर पुढचा सगळा शोध बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे. कानात बोळे घालून निष्कर्ष काढण्याची पद्धत लोकप्रिय असली तरी फसवी आहे. बोळ्यांनी उंच पट्टीतले आवाज चांगले अडतात, खालच्या पट्टीतले बरेचसे तसेच आत येतात, आणि बाहेरची बाकीची कुजबुज बंद झाल्यामुळे खरोखरचा बाहेरचा आवाजही वाढल्यासारखा वाटतो.

दुसऱ्याची साक्ष घ्यायची असेल तर प्रश्न मोघम ठेवावा. "तुम्हाला पंपाचा आवाज येतो का" असे विचारले की लोक सभ्यपणे हो म्हणून टाकतात. खालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या काकूंना "रात्री झोपमोड होईल असे काही ऐकू येते का" एवढेच विचारावे आणि वर्णन त्यांच्याकडून येऊ द्यावे.

मेन स्विच

यानंतर, आवाज चालू असताना, घराचा मेन स्विच बंद करावा. (घरात ऑक्सिजन मशीन किंवा तत्सम उपकरणावर कोणी असेल तर हा प्रयोग करू नये.) इन्व्हर्टर असेल तर तोही स्वतंत्रपणे बंद करणे आवश्यक आहे, पुष्कळ जण हे विसरतात, मग इन्व्हर्टर लगेच भार उचलतो आणि चाचणी वाया जाते. दोन-तीन मिनिटे शांत बसून ऐकावे. आवाज थांबला तर काम सोपे झाले: एकेक एमसीबी (मीटरपेटीतला छोटा स्विच) चढवत गेल्यास दोषी उपकरण सापडते. फ्रिज भिंतीला टेकलेला असेल तर तो चार-पाच इंच पुढे ओढून पायांची पातळी नीट केली की बहुधा भागते. पंखा दोन-तीनच्या वेगावर घुमत असेल आणि पाचवर शांत होत असेल, तर दोष पंख्याचा नसून गोल फिरवायच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा असतो. त्याऐवजी टप्प्याटप्प्याचा, कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवावा. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखे गुरगुरतात त्यामागे स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर असते, आणि साइन वेव्ह इन्व्हर्टर घेतल्याशिवाय ती जात नाही.

विजेशी संबंध नसलेला एक चोर घरातच असतो, तो म्हणजे फ्लशच्या टाकीतला किंवा माळ्यावरच्या टाकीतला बॉलकॉक. वॉशर झिजला की पाणी अगदी बारीक धारेने आत येत राहते, झडप थरथरते आणि ती थरथर पाइपातून सबंध घरभर घुमते. टाकीची कॉक बंद करून पाहिल्यावर आवाज थांबला, तर प्लंबरच्या एका फेरीत प्रश्न सुटतो.

नोंदवही

मेन बंद करूनही आवाज तसाच राहिला तर तो बाहेरून किंवा इमारतीच्या सांगाड्यातून येतो आहे. आता किमान दोन आठवडे वहीत नोंद ठेवावी, आणि ती झोपेतून उठल्याबरोबर लिहावी. सकाळी आठवून लिहिलेल्या वेळांना पुढे कमिटीत कोणी विचारत नाही. सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, आवाज अखंड आहे की थांबून-थांबून येणारा, कोणत्या खोलीत जास्त, त्या वेळी वीज होती का, पाणी येण्याची वेळ होती का, वारा आणि थंडी कशी होती, एवढे पुरे.

या वहीतून कारणे आपोआप वर येतात. परिसराची वीज गेली आणि आवाजही गेला, ही सर्वांत मोलाची नोंद असते. वीज परत आल्यावर किती मिनिटांनी तो परतला तेही लिहावे. वीस-तीस सेकंद घूं, मग सात-आठ मिनिटे शांतता, पुन्हा घूं, असा क्रम रात्रभर चालत असेल तर गच्चीवरचा प्रेशर पंप जवळजवळ निश्चित समजावा. वरच्या मजल्यांना पाण्याचा जोर मिळावा म्हणून बसवलेला हा पंप कोणी नळ उघडला की आपोआप सुरू होतो, आणि इमारतीत कुठे एखादा फ्लश गळत असला तरी लाइनमधला दाब हळूहळू उतरून तो रात्रभर चालू-बंद होत राहतो. अशा वेळी पंपाला दोष न देता गळका फ्लश शोधावा. दिवसरात्र न थांबता चालणारा आणि रविवार-सणवार न पाहणारा आवाज मोठ्या सोसायट्यांत सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या ब्लोअरचा, म्हणजे हवा पुरवणाऱ्या यंत्राचा असू शकतो. फक्त थंडीच्या शांत रात्री येणारा आवाज बराच लांबचाही असतो, कारण जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की ध्वनी वर निसटून न जाता खाली वळतो. कोल्हापूर-सांगलीकडे गळीत हंगामात साखर कारखान्याची घरघर लांबच्या गावात जाणवते ती अशाच रात्री. खेड्यात शेतीपंपांच्या वीजपुरवठ्याचे वेळापत्रक वहीशेजारी ठेवून पाहावे. रात्रपाळीची वीज असलेल्या आठवड्यातच आवाज येत असेल तर विहिरीवरच्या मोटारीकडे बोट जाते.

पट्टी ओळखणे

आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे यंत्रांच्या आवाजांना ठरलेल्या पट्ट्या असतात. ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून रस्त्याकडेची डीपी १०० हर्ट्‌झला घुमते आणि तिच्या आवाजात २००, ३०० हर्ट्‌झचे अंशही असतात. रात्री भार उतरला की व्होल्टेज किंचित चढते, आणि ही गुरगुर व्होल्टेजवर अवलंबून असल्याने ती मध्यरात्रीनंतर वाढल्यासारखी वाटते. मीटररूममधल्या पंप पॅनेलच्या कॉन्टॅक्टरच्या (पंप चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचच्या) तोंडावर धूळ बसली तर तोही १०० हर्ट्‌झलाच करकरतो. पाण्याच्या पंपाची मोटार मिनिटाला साधारण २९०० फेरे घेणारी असेल तर तिचा मूळ सूर ४८ हर्ट्‌झच्या आसपास, आणि १४५० फेऱ्यांची असेल तर २४ हर्ट्‌झच्या आसपास पडतो.

हे मोजण्यासाठी मोबाइलवर स्पेक्ट्रमचा आलेख दाखवणारे स्पेक्ट्रॉइड किंवा जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स ही मोफत अॅप पुरेशी आहेत. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असल्याने ५० हर्ट्‌झच्या खाली त्याच्यावर फार विसंबू नये. दुसरा मार्ग असा की टोन जनरेटर अॅप चांगल्या हेडफोनवर लावून ४०, ५०, ६०, ८०, १०० असे सूर ऐकत जावे आणि आपल्या आवाजाशी कोणता जुळतो ते पाहावे. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरमधून ५० हर्ट्‌झ वाजतच नाही, तेव्हा तो वापरू नये. आवाज दोन-तीन सेकंदांच्या लयीत फुगतो आणि ओसरतो असे वाटत असेल, तर जवळजवळ सारख्या वेगाने चालणारी दोन यंत्रे शोधावीत. एक मोटार सेकंदाला ४८.३ आणि शेजारची ४८.८ फेरे घेत असेल तर दोघींच्या सुरांतून दर दोन सेकंदांनी एक हेलकावा उठतो.

दिशा मात्र कानाने शोधत बसू नये. ५० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे सात मीटर, म्हणजे खोलीपेक्षा मोठी असते, आणि ज्या भिंतीतून आवाज येतो असे वाटते तिच्या पलीकडे नुसता शेजाऱ्यांचा देवघराचा कोपरा निघतो. डक्टमधला पाइप, बीम, जिन्याची भिंत यांवर बोटांची टोके ठेवून थरथर तपासावी, किंवा साधा स्टेथोस्कोप टेकवून एकेक मजला खाली-वर जात ऐकावे. आवाज ज्या बाजूला वाढत जातो तिकडेच मूळ असते.

सोसायटीकडून काय मागावे

यंत्र सापडल्यावर "आवाज बंद करा" एवढीच मागणी करणे व्यर्थ आहे, कारण पंप किंवा ब्लोअर बंद ठेवता येत नाही. ब्लोअर तर प्रक्रिया टाकीतल्या जिवाणूंना हवा पुरवतो आणि तो बराच वेळ थांबला तर सगळ्या इमारतीला वास सहन करावा लागतो. मागणी यंत्राचा सांगाड्याशी असलेला संबंध तोडण्याची असावी. पंप थेट स्लॅबवर बोल्टने आवळलेला असतो, त्याचा पाइप लोखंडी क्लॅम्पने डक्टच्या भिंतीला घट्ट बांधलेला असतो, आणि भिंतीतून जाताना भोवती सिमेंट भरलेले असते. अशा तीन ठिकाणांहून थरथर आत शिरते. पंपाखाली जड काँक्रीटचा वेगळा पाया व त्याखाली रबरी किंवा स्प्रिंगचे माउंट, पाण्याच्या आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या दोन्ही तोंडांना रबरी बेलो (लवचिक जोड), क्लॅम्पमध्ये रबराचे अस्तर, आणि भिंतीतल्या भोकात पाइपाभोवती मोकळी जागा, ही चारही कामे एकत्र झाली तरच गुण येतो. नुसता पंप रबरावर ठेवून पाइप तसाच आवळलेला राहिला तर पैसे पाण्यात जातात, आणि हे फार ठिकाणी घडते.

रबराच्या पॅडबाबतही एक हिशेब ठाऊक असावा. यंत्राच्या वजनाने पॅड दबला पाहिजे; २४ हर्ट्‌झच्या मोटारीखाली तो साधारण चार मिलिमीटर आणि ४८ हर्ट्‌झच्या मोटारीखाली किमान एक मिलिमीटर दबावा. दगडासारखा कडक पॅड दिसायला पॅड असतो, थरथर मात्र जशीच्या तशी खाली देतो. बेअरिंग आणि कपलिंगचे अलाइनमेंट तपासून घेण्यास तर वेगळा ठरावही लागत नाही. याहून स्वस्त उपाय म्हणजे वेळ बदलणे. जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवर पाणी चढवण्याचे काम वॉचमन सवयीने पहाटे तीनला करत असेल, तर रात्री दहाच्या आत टाकी भरून घेण्याचा टायमर बसवता येतो.

पत्र लिहिताना भावना कमी आणि वही जास्त असावी. "मा. सचिव, बी विंगच्या गच्चीवरील प्रेशर पंप मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत दर सात-आठ मिनिटांनी सुरू होतो; सोबत चौदा रात्रींच्या नोंदी जोडल्या आहेत; पंप एका रात्री अर्धा तास बंद ठेवून आमच्या बेडरूममध्ये समक्ष खात्री करावी, ही विनंती," असे पत्र देऊन पोच घ्यावी. ही बंद-चालू चाचणी कमिटीच्या एका सदस्यासमोर होणे फार महत्त्वाचे आहे. पंप कधी बंद होणार हे तुम्हाला न सांगता ती करावी असे आपणहून सुचवावे. तुम्ही सांगितलेल्या वेळा वॉचमनच्या वेळांशी जुळल्या की वादच उरत नाही.

कायद्याची मर्यादा

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तक्रार पोलिसांकडे किंवा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करता येते. अडचण अशी की ही मर्यादा 'ए' भारित डेसिबलमध्ये आहे, आणि त्या मापनात खालच्या पट्टीतला आवाज मुद्दाम कमी धरला जातो: १०० हर्ट्‌झला १९ आणि ५० हर्ट्‌झला सुमारे ३० डेसिबलची वजावट होते. म्हणजे तुमच्या खोलीत ५० हर्ट्‌झचा ६० डेसिबलचा आवाज असला, जो शांत रात्री स्पष्ट ऐकू येतो, तरी मीटर फक्त ३० दाखवील आणि अधिकारी सारे नियमात असल्याचे लिहून जाईल. म्हणून मोजणी करवून घेताना 'सी' भारित (खालच्या पट्टीची फारशी वजावट न करणारा) आकडा आणि पट्टीवार आलेखही मागावा. दोन भारित आकड्यांत वीस डेसिबलच्या आसपास फरक पडत असेल तर आवाज खालच्या पट्टीतला आहे याचा तो चांगला पुरावा असतो. माझे मत विचाराल तर इमारतीतल्या यंत्रासाठी कायद्याची वाट शेवटची ठेवावी. तोवर सोसायटीचे सहकार्य संपलेले असते आणि पंप तिथेच असतो.

तोवर खोलीत काय करावे

पलंग हलवून पाहणे हा बिनखर्ची आणि पुष्कळदा सर्वांत गुणकारी उपाय आहे. बंद खोलीत खालच्या पट्टीतला आवाज सगळीकडे सारखा नसतो. बारा फुटी खोली नेमकी ४७ हर्ट्‌झच्या आसपास घुमते, म्हणजे पंपाच्या मोटारीला ती आयतीच साथ देते. तेव्हा आवाज दोन्ही टोकांच्या भिंतींशी सर्वांत मोठा आणि मध्यावर सर्वांत कमी असतो. उशी भिंतीला टेकवून झोपण्याची आपली पद्धत अशा खोलीत नेमकी उलटी पडते. आवाज १०० हर्ट्‌झचा असेल तर शांत जागा भिंतीपासून साधारण तीन फुटांवर सापडते. रात्री आवाज चालू असताना खोलीत सावकाश फिरावे, जिथे तो दबतो तिथे खडूने खूण करावी आणि उशी तिथे आणावी.

भिंतींना दोन इंची फोम लावून घेऊ नये. अशा पदार्थाची जाडी लहरीच्या चौथ्या हिश्शाच्या जवळपास असावी लागते, आणि १०० हर्ट्‌झसाठी ती ८५ सेंटिमीटर येते. दुहेरी काचेच्या खिडकीने रस्त्यावरचे हॉर्न अडतील आणि त्यामुळे घूं-घूं आणखी उघडी पडेल. पलंगाच्या पायांखाली जाड रबर ठेवल्याने जमिनीची थरथर थोडी कमी होते. फार अपेक्षा ठेवू नये.

संपूर्ण शांततेत झोपण्याचा हट्ट सोडावा. टेबलफॅन, किंवा स्पीकरवर हळू आवाजात पावसाची संततधार अथवा ब्राउन नॉइज (धबधब्यासारखा एकसारखा आवाज) लावल्यास कानाला धरून ठेवायला दुसरे काही मिळते. पांढऱ्या नॉइजपेक्षा ब्राउन नॉइज या कामी बरा, कारण त्याचा जोर खालच्या पट्टीत असतो. आवाज रद्द करणारे हेडफोन नेमके खालच्या पट्टीतच चांगले चालतात, म्हणून दिवसा कामाच्या वेळी त्यांचा उपयोग होतो. दर रात्री मुद्दाम "आज आहे का" म्हणून कान देऊन पडणे मात्र टाळावे. लक्ष देण्याने कान अधिक तीक्ष्ण होतो आणि मग तो आवाज पंप बंद असतानाही ऐकू येऊ लागतो. नोंदी पुरेशा झाल्या की वही बंद करावी. झोप आणि मन:स्थिती बिघडतच चालली असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे बोधात्मक वर्तन उपचारांबद्दल विचारावे. कानातल्या आवाजासाठी ही पद्धत वापरली जाते, आणि त्यांच्याकडे गेल्याने आवाज खोटा ठरत नाही.

काही आवाजांचा धनी सापडायला वर्षे लागतात आणि काहींचा सापडतच नाही. कॅनडातल्या विंडसर शहराला २०११ च्या सुमारास सुरू झालेल्या घरघरीने हैराण केले होते. नदीपलीकडच्या झुग बेटावरील पोलाद कारखान्याचे काम २०२० मध्ये थांबले तेव्हा ती थांबली. अमेरिकेतल्या कोकोमो शहरात २००३ च्या तपासणीत ३६ आणि १० हर्ट्‌झचे दोन औद्योगिक आवाज सापडले, ते दुरुस्तही झाले, तरी काही रहिवाशांचा त्रास सुरूच राहिला. न्यू मेक्सिकोतल्या ताओसमध्ये १९९३ साली मोठ्या प्रयोगशाळांच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला, पण बाहेरचा उगम हाती लागला नाही. तुमच्या इमारतीत सर्व चाचण्या होऊनही काही निष्पन्न झाले नाही, तर एवढे लक्षात ठेवावे की पट्टी, वेळ आणि जागा यांची नोंद पुढे कारण उघड झाल्यावरही उपयोगी पडते. ती फेकून देऊ नये.

घर बदलण्याचा निर्णय शेवटी घ्यावाच लागला, तर नवा फ्लॅट दिवसा एजंटासोबत पाहून पसंत करू नये. बेडरूमच्या भिंतीला लागून लिफ्टची पोकळी, डक्ट किंवा मीटररूम आहे का, खाली पंपरूम आणि वर गच्चीवरची टाकी आहे का, डीपी कोणत्या खिडकीसमोर आहे, हे नकाशावर तपासावे. मग अनामत देण्यापूर्वी घरमालकाच्या परवानगीने एका रात्री अकराच्या पुढे तिथे दिवे-पंखे बंद करून अर्धा तास बसावे, आणि निघताना वॉचमनला पंप किती वाजता लावतो ते विचारून घ्यावे.